फ्लॅटच्या भांडणात वकिलाचं बिल कोणाच्या माथी?

घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. ताईंचं वय ३८, राहणार नागपूर, खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३४ हजार. नवऱ्याचा पगार ९५ हजार. लग्नाला १३ वर्षं झाली, मुलगी ९ वर्षांची. वर्षभरापासून ताई मुलीला घेऊन आईकडे आहेत. २०१६ मध्ये मनीषनगरच्या बाजूला दोघांच्या नावावर ३४ लाखांचा फ्लॅट घेतला. ७ लाख हातचे भरले, त्यातले ४ लाख ताईंनी इतवारीत सोनं विकून दिले, बाकी दोघांच्या नावावर होम लोन, हप्ता नवऱ्याच्या खात्यातून. आज फ्लॅट साधारण ४८ लाखांचा, लोन १९ लाख बाकी. नवरा म्हणतो, "८ लाख घे, नाव काढ आणि सहमतीने मोकळी हो, कोर्टात गेलीस तर माझ्या वकिलाचा खर्चही तुलाच भरावा लागेल." भाऊ म्हणतो, "लढायचंच, जिंकलो की एकूण एक रुपया त्याच्याकडून वसूल." एका वकिलांनी दीड लाख आणि वर दर पेशीचे, म्हणजे कोर्टातल्या दर तारखेचे, ३ हजार सांगितले, दुसरे म्हणाले आता काही नको, जे मिळेल त्यातले १० टक्के द्या. आई एफडी मोडायला तयार बसली आहे. ताईंचा प्रश्न एवढाच, की हा खर्च शेवटी पडतो कोणावर?

ताई,

तुमचे मिस्टर आणि तुमचा दादा आता एकमेकांचं तोंडही पाहत नसतील, पण दोघांचा समज मात्र अगदी जुळा आहे, की कोर्टात जो हरतो तो समोरच्याचं सगळं बिल भरतो. त्याच एका समजावर एक जण तुम्हाला घाबरवून राहिला आणि दुसरा तुम्हाला चढवून राहिला. आणि तुम्ही मधात.

कागदावर पाहिलं तर दोघं अगदीच खोटं बोलत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ आहे, त्यात खर्च कोणी द्यायचा हे कोर्टाने ठरवायचं, साधारणपणे हरणाऱ्याने द्यायचा, आणि कोर्टाने तसं केलं नाही तर त्याचं कारण लिहायचं, असं आहे. पण नवरा-बायकोच्या केसमधल्या ऑर्डरी जरा वाचून बघा, शेवटची ओळ बहुतेक वेळा हीच असते की ज्याचा खर्च त्याने सोसावा. आणि जिथे खर्च मिळतो तिथेही तुम्ही वकिलांना मोजलेले दीड लाख मिळत नाहीत हो, नियमांच्या तक्त्यात जी फी बसते ती, स्टॅम्प, समन्सचा खर्च, असलं सगळं मिळून जे होतं ते. समोरच्याने मुद्दाम खोटा दावा टाकला असं सिद्ध झालं तर वेगळी भरपाई आहे, कलम ३५अ, पण तिची कमाल मर्यादा ठाऊक आहे का किती? ३ हजार रुपये. म्हणजे तुमच्या त्या पहिल्या वकील साहेबांची एक पेशी.

तेव्हा मिस्टरांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका आणि दादाच्या वसुलीवर एफडी मोडू नका.

हे मी वकील म्हणून सांगत नाहीये, मी वकील नाहीच. माझी स्वतःची केस ४ वर्षं २ महिने चालली आणि मला सवय होती म्हणून मी दुधाच्या हिशोबाच्या डायरीतच मागच्या पानापासून कोर्टाचा हिशोब लिहायला घेतला होता. ती डायरी अजून आहे. वकिलांची फी त्यात मोठ्या अक्षरात आहे, पण खरं पोखरतं ते बारीक अक्षरातलं, ऑटो जाऊन येऊन, झेरॉक्स तीन सेट, नोटरी, टायपिंग, सर्टिफाइड कॉपी, पुन्हा झेरॉक्स कारण समोरच्याचा सेट हरवला, आणि दर पेशीला "हाफ डे" असं लिहून पुढे कापलेल्या पगाराचा आकडा. मे महिन्यात ४५ च्या उन्हात जायचं, साहेब लीव्हवर आहेत कळायचं, पुढची तारीख घ्यायची, उसाचा रस प्यायचा आणि घरी. तो रसही लिहिलाय मी. एका लोखंडी कपाटावरून आमच्या ५ पेश्या झाल्या ताई, तेवढ्या पैशात तसली दोन कपाटं आली असती, पण तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच दुश्मन समजले असते. निकालाच्या शेवटी काय होतं ते वर सांगितलंच आहे.

आता जो रस्ता तुमच्या कामाचा आहे आणि ज्याबद्दल दोघांपैकी कोणीच बोलत नाही तो सांगते. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २४. केस चालू असताना नवरा असो की बायको, ज्याच्याजवळ स्वतःच्या पोटापुरतं आणि केस लढवण्यापुरतं उत्पन्न नाही त्याला दुसऱ्याकडून महिन्याची खावटी (पोटगी) आणि केसचा खर्च मागता येतो. हे जिंकण्या-हरण्यावर नाही, गरजेवर आहे, आणि निकालाची वाट न बघता आधीच मागायचं असतं. नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढायचा असं त्याच कलमात लिहिलंय. ६० चे किती होतात ते कोर्टातल्या गर्दीवर आहे, पण तारीख लांबवायला लागले की वकिलांना हा आकडा दाखवायला सांगा.

तुम्ही म्हणाल मी तर कमावते, मला कोण देणार. इथेच तुमचंही एक गृहीत धरलेलं आहे. बायको कमावती आहे एवढ्यावरून खावटी नाकारता येत नाही, तिचं उत्पन्न तिला लग्नातल्या राहणीमानाप्रमाणे पुरतं का ते बघायचं असतं, हे सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात स्पष्ट सांगितलंय, आणि ती केस दुसऱ्या कुठली नाही, आपल्याच नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेलेली आहे. त्याच निकालापासून दोघांनाही आपापल्या मिळकतीचं, कर्जाचं, खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. याचा अर्थ ३४ हजारांत तुम्हाला स्वतःसाठी भरघोस मिळेलच असं नाही, खोटी आशा मी दाखवणार नाही, कदाचित तुमच्यासाठी थोडंच मिळेल किंवा नाहीही मिळणार. पण मुलीचा खर्च हा वेगळा विषय आहे, तिची शाळा, ट्यूशन, दवाखाना, आणि ९५ हजार कमावणारा बाप त्यातून सुटत नाही. तुमच्या पत्रात मुलीच्या फीचा एकही आकडा नाही. वर्षभर ती फी कोण भरतंय? तुम्हीच ना? मग पावत्या काढून ठेवा.

आणि हो, त्या प्रतिज्ञापत्रात तुमचंही सगळं लिहावं लागतं, एफडी, सोनं, भिशी लागली असेल तर तिचे पैसे, शाळेनंतरच्या ट्यूशनचे सुद्धा. लपवलं आणि सापडलं की मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

फुकट वकिलाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंय की "ते गरिबांसाठी असतं आणि ते लोक नीट लढत नाहीत". पहिलं चूक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, तिचा पगार किती हे विचारायचं काम नाही. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, साधा अर्ज द्यायचा, १५१०० वर फोन करूनही माहिती मिळते. दुसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की दीड लाख घेणारे सगळे नीट लढतात असंही मी पाहिलेलं नाही. माणूस बघून ठरवा. नाही पटलं तर बदलून मागता येतो.

कोर्ट फीचंही तसंच. तुम्हाला कोणी तरी सांगितलं की ४८ लाखांच्या फ्लॅटचा दावा म्हणजे स्टॅम्पच लाखाच्या वर जाईल. महाराष्ट्र सरकारची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे, खावटी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद, यात बाईला कोर्ट फी माफ आहे. मालमत्तेचा वाद म्हणजे लग्नसंबंधातून आलेला वाद धरतात, भावाबहिणींच्या वाटणीत ती चालवायला गेलात तर अडचण येते, पण तुमचा फ्लॅट तर सरळ नवरा-बायकोचाच आहे. अधिसूचनेची प्रत फाइलला लावायला सांगा म्हणजे खिडकीवर वाद होत नाही. आणि फ्लॅटचं भांडण वेगळ्या दिवाणी कोर्टात न्यायचीही गरज नाही, नवरा-बायकोमधल्या मालमत्तेचा वाद फॅमिली कोर्टच ऐकतं, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे ते. दोन कोर्टं म्हणजे दोन फाइली, दोन फी, दोन पेश्या. कोणी वकील उगाच दोन केसेस सुचवत असेल तर काहून ते विचारा.

बरं, ते १० टक्केवाले वकील. ऐकायला गोड आहे ना बाप्पा, आता खिशातून काही नको, मिळालं तर द्या. पण आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळणाऱ्या मालमत्तेत वाटाही मागता येत नाही, बार कौन्सिलच्याच नियमात मनाई आहे. जो माणूस पहिल्याच भेटीत स्वतःच्या धंद्याचा नियम मोडायला तयार आहे तो तुमच्यासाठी नियमाने वागेल असं कशावरून? शिवाय हिशोब करा, तुमचा वाटा साधारण १४ लाख धरला (तो कसा ते खाली सांगते) तर १० टक्के म्हणजे १ लाख ४० हजार, म्हणजे पहिल्या साहेबांच्या दीड लाखाच्या आसपासच, आणि तडजोड महिनाभरात झाली तरी द्यायचे. कोणाकडेही गेलात तरी फी टप्प्याटप्प्याने ठरवा, केस दाखल करताना इतकी, पुरावा सुरू झाला की इतकी, आणि ते कागदावर, निदान व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या आणि पावती मागा. मागायला लाज वाटते मला माहिती आहे, आपण भाजीवाल्याशी २ रुपयांसाठी घासाघीस करतो आणि वकिलासमोर मुकाट्याने पाकीट ठेवतो. अजून एक, फी राहिली म्हणून वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगून ठेवलंय.

आता फ्लॅटकडे या. तुमच्या मनात "अर्धा माझा" पक्कं बसलंय. आपल्याकडे घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेतलं अर्धं बायकोला असा कायदा नाही. तसा काही वाटा देणारं एक विधेयक आलं होतं, २०१३ मध्ये राज्यसभेत पासही झालं, मग लोकसभा विसर्जित झाली आणि ते गेलं. तुमच्या बाजूने जे आहे ते वेगळं आहे, खरेदीच्या कागदावर तुमचं नाव. वाटा किती ते लिहिलेलं नसेल तर गोष्ट निम्म्यापासून सुरू होते, पण ते म्हणतील हप्ते सगळे मीच भरले, म्हणून ते ४ लाख तुम्ही कसे दाखवता त्यावर खूप काही आहे. इतवारीतल्या सराफाचं बिल आहे का? ते पैसे तुमच्या खात्यातून गेले की रोख मिस्टरांच्या हातात दिले? रोख दिले असतील तर त्या आठवड्यातल्या त्यांच्या खात्यातल्या एंट्र्या महत्त्वाच्या आहेत. आणि ज्या काळात घर तुमच्या पगारावर चाललं आणि त्यांचा पगार हप्त्यात गेला, ते किराण्याचे, शाळेचे ऑनलाइन पेमेंट पण काढा, तीही घराला लागलेलीच रक्कम आहे असं तुमच्या वकिलाला मांडता येतं.

तुम्ही दिलेल्याच आकड्यांवर एकदा बसून गुणाकार करू. ४८ मधून १९ गेले, राहिले २९, निम्मे साडेचौदा लाख. ते ८ देतो म्हणतात. म्हणजे खरं भांडण साडेसहा लाखांचं आहे, ४८ लाखांचं नाही. पहिल्या वकिलांच्या हिशोबाने ४० पेश्या धरल्या तर १ लाख २० हजार आणि वरचे दीड, झाले २ लाख ७० हजार. मिस्टरांचा वकीलही काही फुकट नाही, त्यांचेही तेवढेच धरा, मिळून ५ लाख ४० हजार. साडेसहा लाखांच्या फरकासाठी. आणि यात अपील धरलेलंच नाही, हरणारा हायकोर्टात जाऊ शकतो, नागपूर बेंच काही लांब नाही, फॅमिली कोर्टाइतकंच सोयीचं आहे, तेच तर वाईट आहे.

हा हिशोब तुमच्यापेक्षा मिस्टरांना दाखवण्याजोगा जास्त आहे. कारण त्यांना वाटतं कोर्टाची भीती फक्त तुम्हाला आहे. तुम्हाला वकील फुकट मिळू शकतो, कोर्ट फी माफ आहे, त्यांना यातलं काही नाही, आणि वर मुलीची खावटी केस दाखल झाल्यापासून चढायला लागेल, त्याच २०२० च्या निकालाने अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलंय. ८ वर अडून बसण्याचा खर्च त्यांचाच जास्त आहे. म्हणून मी "घ्या ८ आणि सुटा" असं म्हणणार नाही, आणि दादासारखं "शेवटपर्यंत" असंही नाही. मी तुमच्या जागी असते तर कलम २४ चा अर्ज, मुलीचा खर्च आणि फ्लॅटची मागणी व्यवस्थित दाखल करून मग मध्यस्थीला बसले असते. फॅमिली कोर्टात समुपदेशक असतात, मध्यस्थी असते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. हातात काही नसताना बोलणी केली की ८ चे साडेआठ होतात, फार तर. कुठल्या आकड्यावर थांबायचं ते मात्र आजच, शांत डोक्याने, तुम्ही ठरवा. १२ आले तर? मुलीच्या शिक्षणाची वेगळी रक्कम आणि ११ आले तर? कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून हे ठरत नाही, तिथे माणूस एक तर रडतो नाही तर चिडतो.

मारझोड किंवा घरातून हाकलून दिलं असं काही झालं असेल आणि तुम्ही पत्रात लिहिलं नसेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा रस्ता वेगळा आहे, त्यात घरात राहण्याचा हक्क मागता येतो, मग हा सगळा तडजोडीचा हिशोब बाजूला ठेवा आणि आधी ते सांगा वकिलांना.

तडजोड झालीच तर खर्च कोण देईल हे तुम्ही दोघंच ठरवता, कायदा मधात येत नाही. म्हणून सहमतीच्या अटींमध्ये एकेक गोष्ट लिहून घ्या, हक्कसोड किंवा जो काही दस्त होईल त्याची स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन कोणाचं, सोसायटीची थकबाकी कोणाची, बँक नवं लोन करताना प्रोसेसिंग फी लावेल ती कोणाची. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात, आणि बँक तर मोठा विषय आहे. तुम्ही फ्लॅटवरून नाव काढलं म्हणून लोनवरून निघत नाही. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही घेणंदेणं नाही, उद्या त्यांनी हप्ते बुडवले तर फोन तुम्हालाच येणार, सिबिल तुमचंच खराब होणार, आणि घर मात्र त्यांचं. आधी बँकेचं पत्र की लोन आता एकट्या मिस्टरांच्या नावावर केलं आहे, मग तुमची सही. हा क्रम कोणी कितीही घाई केली तरी उलटा करू नका.

पैशाचंही तेच. सहमतीच्या अर्जात दोन वेळा कोर्टासमोर जावं लागतं, मधात ६ महिने असतात, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने योग्य केसमध्ये ते माफ होऊ शकतात. अर्धी रक्कम पहिल्या वेळी आणि उरलेली दुसऱ्या वेळी, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर. "घटस्फोट होऊ दे मग देतो" यावर माझ्या ओळखीची एक जण अजून थांबली आहे.

दादाबद्दल लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. तो तुमच्यावर जीव लावतो हे पत्रातून दिसतंच. पण तुम्ही लिहिलंय, "दादा म्हणतो पैशाची काळजी करू नको, मी बघतो, फक्त माघार घ्यायची नाही." ताई, हे दोन्ही एकाच वाक्यात आलंय. ज्याच्या पैशावर केस चालते त्याला विचारल्याशिवाय मग केस थांबवता येत नाही, आणि वहिनी आज गप्प आहे, तिसऱ्या वर्षी गप्प राहणार नाही. त्याच्याकडून पैसे घ्यायचेच असले तर उसने घ्या, आकडा ठरवून, परत कधी ते सांगून. म्हणजे थांबायचं की नाही हे तुमच्या हातात राहील. आईची एफडी तर राहूच द्या, तिच्या दवाखान्याची वेळ आली तर तुम्ही ३४ हजारांत कुठून आणाल?

या आठवड्यात एवढं करा. प्राधिकरणात अर्ज. खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), आरएल लेटर (नागपूर सुधार प्रन्यासचं लेआउटबद्दलचं पत्र) असेल तर त्याची प्रत, सगळं एका फाइलमध्ये, ओरिजिनल बँकेकडे असतील तर यादी मागा. आणि शनिवारी, दुसरा-चौथा सोडून, बँकेत जाऊन लोन खात्याचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट काढा, सहकर्जदार म्हणून तो तुमचा हक्क आहे, मिस्टरांची परवानगी लागत नाही. एकटीने जायला नको वाटत असेल तर मैत्रिणीला न्या, शाळेतल्या कोणाला न्या. फक्त दादाला नेऊ नका, तो मॅनेजरशीच भांडून येईल.